मैफलीच्या टेपा : कोल्हापूरच्या रसिकांमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातले गाण्याचे रसिक आज मोबाइलवरून एकमेकांना जुन्या मैफली पाठवतात. राग कोणता, तबल्याला कोण, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगते. मग एक वाद हटकून उठतो : घरगुती मैफलीचं ध्वनिमुद्रण असं चारचौघांत द्यावं का? हा वाद मोबाइलपेक्षा बराच जुना आहे.

संस्थानकाळाबद्दल थोडक्यात. १८९५च्या सुमारास जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब दरबारी गायक म्हणून इथे आले आणि शाहू महाराजांच्या निधनानंतर, १९२२ नंतर, मुंबईला गेले. त्यांची जोडरागांची (दोन राग एकत्र गुंफलेल्या), क्वचित गायल्या जाणाऱ्या अनवट रागांची गायकी मुलांनी आणि शिष्यांनी पुढे चालवली. खुद्द खाँसाहेब तबकड्यांपासून दूरच राहिले. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल मावणार तरी कसा? त्यामुळे या घराण्याचं ऐसपैस गाणं शोधणाऱ्याला मैफलींच्या मुद्रणांवरच भिस्त ठेवावी लागते.

ही मुद्रणं हातोहात फिरू लागली ती कॅसेट आल्यावर. त्याआधी स्पूलचं, म्हणजे टेपच्या मोठ्या उघड्या रिळांचं यंत्र मोजक्याच घरांत होतं. १९८०च्या दशकात कोरी कॅसेट नेऊन द्यायची आणि गाणं भरून घ्यायचं, हा रिवाज झाला. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. ख्याल ऐन रंगात आला की टेप संपे आणि बाजू बदलेपर्यंत आवर्तनं हातची जात. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात राग, साथीदार, साल. राग ओळखता आला नसेल तर ‘बिहागडा?’ असं प्रश्नचिन्हासकट. कॉपीवरून कॉपी काढत गेलं की खरखर वाढे आणि तंबोरा त्यात बुडून जाई. म्हणून मूळ टेप घराबाहेर जात नसे, आणि कॉपी देताना बजावलं जाई : पुढे देऊ नका.

या अटीला दुसरंही कारण होतं. गायकाने परवानगी दिलेली असे ती यजमानाला, साऱ्या गावाला नव्हे. घराण्यातल्या एका थोर गायिकेला तर मैफलीत टेपरेकॉर्डर मुळीच चालत नसे.

कायद्याने हा गुंता सुटला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांचे हक्क आले ते १९९४च्या दुरुस्तीने. मुदत आधी २५ वर्षं होती, १९९९मध्ये ती ५० झाली. २०१२च्या दुरुस्तीने हे हक्क आणखी बळकट केले. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं मुद्रण हक्कभंग ठरत नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे यजमान सुटला. पण त्याच्याकडून कॉपी घेऊन पुढे शंभर जणांना पाठवणारा त्या सवलतीत बसत नाही. शिवाय मुद्रणाचा हक्क वेगळा : प्रकाशनापासून ६० वर्षं. जी टेप कधी प्रकाशितच झाली नाही, तिची साठ वर्षं मोजायची कुठून? आणि सत्तरच्या दशकातल्या मैफलीला १९९४ची कलमं लावायची का? चर्चा इथे येऊन अडते, आणि बहुतेक वेळा टेप कपाटातच राहते.

हे नुकसान मोठं आहे. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत टेपवर बुरशी धरते, थर सुटतो. डिजिटल झाल्यावर खरखरीचं कारण उरलं नाही. ‘पुढे देऊ नका’ मात्र उरलं, आणि त्यात गायकाच्या शब्दापेक्षा संग्राहकाची मालकीची हौसच अनेकदा जास्त असते.

एमपीथ्रीने सगळं सोपं केलं असंही नाही. व्हॉट्सॲपवर ऑडिओला बरीच वर्षं १६ एमबीची मर्यादा होती. साध्या दर्जात मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो, म्हणजे तासाभराच्या मैफलीचे चार तुकडे. २०२२मध्ये दोन जीबीपर्यंतच्या फाइल जाऊ लागल्या आणि अख्खी मैफल सलग मिळू लागली. पण या घाईत कार्डावरची माहिती मागे राहिली. नायकी कानडा हा राग शहाना या दुसऱ्याच रागाच्या नावाने फिरतो, साथीदारांची नावं गळतात. आता जाणती मंडळी दोन गोष्टी मागतात : गायकाच्या घरच्यांचा होकार, आणि फाइलसोबत त्या जुन्या कार्डाचा फोटो.