उशिरा दिसणं वेगळं, हळू चालणं वेगळं

‘सूर्य आपल्याला आठ मिनिटांपूर्वीचा दिसतो, म्हणजे बघा, वेळ सापेक्ष असते!’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. वाक्याचा पहिला भाग खरा, दुसराही खरा. मधलं ‘म्हणजे’ तेवढं खोटं.

प्रकाशाला पोचायला वेळ लागतो हे ओल रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्येच ओळखलं होतं. गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं कधी लवकर, कधी उशिरा दिसायची, त्यावरून. आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरचा निबंध १९०५ चा. पत्र उशिरा मिळालं तरी ते कधी लिहिलं हे वरच्या तारखेवरून कळतंच की. अंतराला वेगाने भागा, तेवढा वेळ वजा करा, विषय संपला.

सापेक्षता सुरू होते ती ही वजाबाकी करून झाल्यावर.

समजा, एक यान प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने सरळ तुमच्याकडे येतंय. त्यावरचा दिवा यानातल्या घड्याळाप्रमाणे दर सेकंदाला चमकतो. एका सेकंदात यान ०.६ प्रकाश-सेकंद (प्रकाश-सेकंद म्हणजे प्रकाश एका सेकंदात कापतो ते अंतर) जवळ सरकणार, म्हणून पुढच्या चमकेला तेवढं कमी अंतर. नुसत्या उशिराचा हिशेब धरला तर चमक दर ०.४ सेकंदाला पोचायला हवी. प्रत्यक्षात ती दर ०.५ सेकंदाला पोचते. मग यान तुम्हाला ओलांडून लांब जाऊ लागतं. आता हिशेबाने १.६ सेकंद यायला हवेत, येतात २. भागून बघा: ०.५ भागिले ०.४, आणि २ भागिले १.६. दोन्हीकडे १.२५.

हे १.२५ म्हणजे सापेक्षता: यानातलं घड्याळ तुमच्या हिशेबाने तेवढ्या पटीने हळू चालतं. उशिराचा परिणाम यान येतंय की जातंय यावर उलटसुलट होतो. या १.२५ला दिशेशी देणंघेणं नाही. आणि येणाऱ्या यानातलं घड्याळ डोळ्यांना चक्क दुप्पट वेगाने चालताना दिसतं, हेही लक्षात घ्या! ‘वेगवान घड्याळ हळू चालताना दिसतं’ असं जिथे तिथे छापलेलं असतं, ते वाचून माझं डोकं उठतं. ‘दिसतं’ नव्हे हो, हिशेब केल्यावर ते हळू ‘भरतं’.

 

दिसण्याचा संबंधच नको असेल तर म्यूऑन घ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड आणि अल्पायुषी कण. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. तरी वातावरणात कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या हिशेबाने त्यांचं घड्याळ हळू चालतं. तिथे कोणी कोणाकडे बघत नसतं.

आगगाडीच्या दोन टोकांवर पडणाऱ्या विजांचं उदाहरणही असंच अर्धवट सांगितलं जातं. फलाटावरच्या माणसाच्या मते दोन्ही विजा एकदम पडल्या. गाडीच्या मधोमध बसलेल्या प्रवाशाला पुढची आधी दिसते, कारण तो तिच्याकडे जातोय. बहुतेक जण इथेच थांबतात. एवढं तर रोमरलाही पटलं असतं. खरी गंमत पुढे आहे. प्रवाशापासून दोन्ही टोकं सारख्याच अंतरावर, आणि त्याने मोजला तरी प्रकाशाचा वेग दोन्हीकडून तोच. म्हणजे त्याला दोन्हीकडे सारखीच वजाबाकी करायची आहे. तेव्हा पुढची वीज त्याला आधी दिसली, याचा अर्थ त्याच्या घड्याळानुसार ती आधी पडलीच.