पुरात उडी मारणाऱ्याच्या डोक्यात हिशोब असतो का?

पूर आला की सांगलीत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं आणि "मदत करणारे सगळे स्वतःसाठीच करतात हो, निःस्वार्थी कोण नसतं". २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, मारुती चौक, गावभाग पाण्यात, अनोळखी पोरं म्हाताऱ्या माणसांना खांद्यावरून बाहेर आणत होती, तेव्हासुद्धा हे ऐकलंच. शिकलेली माणसं तर वर विज्ञानाचा शिक्का मारतात, म्हणे जीन्सच (आईबापांकडून येणारी जनुकं) स्वार्थी असतात, सायन्सने सिद्ध केलंय. मला याचा खरंच राग येतो, कारण सायन्सने असं काही सिद्ध केलेलं नाही.

जीन्सचा हिशोब आहे, नाही असं नाही. पुढे भारतात येऊन इथलाच झालेला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५५ मध्ये लिहितो, समजा पूर आलेल्या नदीत उडी टाकून पोराला वाचवायला लावणारा एक दुर्मिळ जीन तुमच्यात आहे आणि स्वतः बुडण्याची शक्यता दहात एक. पोर तुमचं किंवा तुमचं भावंड असेल तर तोच जीन त्याच्यात असण्याची शक्यता निम्मी, म्हणजे दहा उड्यांमागे एक जीन बुडतो तेव्हा पाच वाचतात. पुतण्या असेल तर अडीच. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने याचंच गणिती सूत्र केलं. पण हाल्डेनने लगेच पुढे लिहिलंय की मी स्वतः दोनदा माणसांना पाण्यातून ओढून काढलंय आणि असला हिशोब करायला तेव्हा वेळच नव्हता! इथेच सगळी गोम आहे. एखादा स्वभाव उत्क्रांतीत का टिकला हा एक प्रश्न आणि त्या क्षणी माणसाला काय हवं असतं हा वेगळा प्रश्न. आपण भाकरी भूक लागली म्हणून खातो, जीन्स टिकवायला नाही.

मग माणसाला नक्की काय हवं असतं, दुसऱ्याचं भलं का स्वतःच्या जिवाची तगमग थांबवणं? हे मोजायची मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसनची युक्ती मला भयंकर आवडते. १९८१ चा प्रयोग. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना टीव्हीवर एलेन नावाची मुलगी विजेचे झटके सोसताना दाखवली (झटके खोटे होते, ती अभिनय करत होती) आणि विचारलं, तिच्या जागी तू बसशील का? निम्म्यांना सांगितलेलं की झटक्यांच्या पहिल्या दोनच फेऱ्या बघायच्यात, मग तुम्ही मोकळ्या, बाकीच्यांना होतील तेवढ्या सगळ्या, दहापर्यंत, बघायच्या होत्या. शिवाय काहींना एलेनची मतं आपल्यासारखीच दाखवली म्हणजे तिच्याबद्दल जास्त कळवळा वाटेल, काहींना उलट. आता बघा, मदत जर फक्त स्वतःचा त्रास टाळायला असेल तर जिला उठून जाता येतं ती उठून जाणार. कळवळा कमी होता तिथे तसंच झालं, उठून जायची सोय असताना ११ पैकी २ जणीच बसायला तयार झाल्या, सोय नसताना ६४ टक्के. पण कळवळा होता तिथे उठून जायची सोय असूनही ११ पैकी १० तयार! आकडे लहान आहेत हे खरं, पण नंतर अशा प्रयोगांची रांगच लागली.

"मदत केल्यावर बरं वाटतं ना, मग तोच स्वार्थ", हा नेहमीचा शेवटचा पत्ता. बरं वाटतंच, पण ते मागून येतं, त्यासाठीच केलं असं त्यातून निघत नाही. बॅटसनने १९८८ मध्ये हेही तपासलं, कळवळा वाटणाऱ्यांना समोरच्याचा त्रास आपण काही न करताच टळल्याचं कळलं तरी स्वतः मदत केल्याइतकंच बरं वाटलं.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं ऑक्सिटोसिन (शरीरातच तयार होणारं एक संप्रेरक) हे काही चांगुलपणाचं औषध नाहीये. नाकात फवारा मारला की माणसं जास्त विश्वास ठेवतात असा २००५ चा गाजलेला प्रयोग होता, मोठ्या प्रमाणावर परत केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. कुणी त्याच्या नावाने शिबिरं विकत असेल तर पैसे देऊ नका.

उरल्या त्या ११ पैकी २ जणी. एलेन त्यांना आपल्यासारखी वाटायचं कारण नव्हतं, उठून जायची मुभा होती, तरी त्या झटके घ्यायला तयार झाल्या. कळवळ्यातून मदत होते हा सिद्धांत त्यांना सहज लागू पडत नाही आणि स्वतःचा त्रास टाळायला मदत होते हा तर अजिबातच नाही. तत्त्व म्हणून केलं का, न करता गेलो तर आपल्याच नजरेत उतरू म्हणून केलं का, हे या प्रयोगाने मोजलेलंच नाही, आणि निःस्वार्थीपणाचा खरा अवघड प्रश्न माझ्या मते तिथे सुरू होतो.