इयत्ता चौथीची, गणित दुसरीचं

५२ मधून २७ वजा करायला सांगितल्यावर चौथीतली एक मुलगी ३५ असं उत्तर लिहिते, अशी कल्पना करा. ७१ मधून ४८ वजा करून ती ३७ लिहिते आणि ८३ मधून ५६ गेले की तिच्या हिशेबी ३३ उरतात. तिन्ही उत्तरांवर लाल फुली पडते. पण ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर ती मुलगी धांदरट नाही हे लगेच दिसतं. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. तिचा नियम चुकीचा आहे, पण ती तो अगदी काटेकोरपणे पाळते आहे.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांवर एक शोधनिबंध लिहिला. वरवर बेफिकिरीच्या वाटणाऱ्या कितीतरी चुका पद्धतशीर असतात आणि त्यांच्यामागचा नियम शोधून काढता येतो, असं त्यांनी दाखवलं. नियम सापडला की उपायही सापडतो. या मुलीला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हवेत. एक गठ्ठा सोडून त्याच्या सुट्या काड्या तिने स्वतःच्या हाताने करायला हव्यात. दहा-पंधरा मिनिटांचं हे काम तिच्या वर्गात होत नाही, कारण वेळापत्रकात आज अपूर्णांक आहेत.

शाळेच्या धोरणाचा पुनर्विचार करायचा, तर माझ्या मते सुरुवात इथून व्हावी. एका वयाची मुलं एका खोलीत, एक शिक्षक, एक पुस्तक, एकच वेग ही रचना आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकात रुळली. थोड्या पैशांत आणि थोड्या शिक्षकांत खूप मुलांना शिकवायची ती सोय होती आणि तिने कोट्यवधी मुलांपर्यंत अक्षर पोहोचवलं, हे विसरून चालणार नाही. पण मेंदू जन्मतारीख पाहून शिकत नाही. नवी गोष्ट कळण्यासाठी ती आधीच्या कुठल्यातरी माहितीला जोडली जावी लागते. क्षणभर मनात धरून ठेवायची जागा फारच थोडी असते. पाया कच्चा असला की ती सगळी जागा पायाशी झगडण्यातच संपते.

केनियातल्या ग्रामीण शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं देऊन अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल तपासले. सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीपासून पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांच्या पातळीच्या वर होती. पुस्तक हातात होतं, वाचता येत नव्हतं.

भारतात ‘प्रथम’ या संस्थेने याच्या उलट वाट धरली. तिसरी ते पाचवीच्या मुलांची चाचणी घ्यायची. ती कागदाच्या एका पानावर मावते: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे अडतं तो त्याचा गट. मग दिवसातला ठराविक वेळ इयत्ता बाजूला ठेवायची. पाचवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एकाच गटात बसून शब्द वाचतील. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्यायची आणि गट बदलायचे. पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत अनेक राज्यांत यादृच्छिक चाचण्यांनी, म्हणजे चिठ्ठी टाकून निवडलेल्या काही ठिकाणी ती राबवून आणि बाकीच्यांशी तुलना करून, तपासली गेली. २०१९ साली क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या कामात होते. नीट राबवली तिथे मुलांचं वाचन आणि गणित स्पष्टपणे सुधारलं. मात्र शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण देऊन वेळापत्रक जसंच्या तसं ठेवलं, तिथे फारसं काही बदललं नाही. धोरण आखणाऱ्यांसाठी ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दिवसातला तो वेळ अधिकृतपणे राखून ठेवला नाही, तर अभ्यासक्रम पुरा करण्याचं दडपण तो खाऊन टाकतं.

गट मात्र बदलते राहिलेच पाहिजेत. एकदा ‘कच्चा’ ठरलेला मुलगा वर्षभर त्याच बाकावर राहिला, तर पातळी मोजण्याऐवजी आपण त्याच्यावर शिक्का मारतो.

विद्यार्थिकेंद्री शिक्षण म्हणजे मुलाला मोकळं सोडून द्यायचं, असाही एक समज आहे. पुरावा त्याच्या बाजूने नाही. विषयात नवख्या असलेल्या मुलाला उदाहरण सोडवून दाखवणं, पायऱ्या उलगडणं याचा फायदा होतो. जाण वाढेल तसा हा आधार कमी करत न्यायचा. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या ‘बालगृह’ या शाळेतही मुलं काम स्वतः निवडत, पण साहित्य विचारपूर्वक घडवलेलं असे आणि ते वापरायचं कसं हे आधी दाखवलं जाई.

परीक्षाही सरसकट वाईट नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. म्हणजे गुण न धरता वारंवार घेतलेली छोटी चाचणी स्मरण पक्कं करते.

कोलंबियात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ‘एस्कुएला नुएव्हा’ या ग्रामीण शाळांनी यातलं बरंच एकत्र आणलं. तिथे एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात. मुलं छोट्या गटांत, टप्प्याटप्प्याच्या मार्गदर्शक पुस्तिका घेऊन आपल्या गतीने पुढे जातात. शेतीच्या कामासाठी काही दिवस घरी राहावं लागलेलं मूल परत येतं, तेव्हा ते नापास झालेलं नसतं. पुस्तिकेच्या ज्या पानावर ते थांबलं होतं, तिथूनच त्याचा अभ्यास पुढे सुरू होतो.