कमी व्होल्टेजमुळे टीव्ही गेम हळू चालत नाही
ओलिताच्या हंगामात कृषिपंप सुरू झाले, की व्होल्टेज पडते आणि म्हणूनच कॅसेटचा जुना टीव्ही गेम हळू चालतो, असे यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हे खरे नाही. गेमचा वेग यंत्रातील क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर ठरतो. आतला रेग्युलेटर ५ व्होल्ट स्थिर राखतो आणि दाब फारच घसरला, तर गेम मंदावत नाही, अडकतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

गेम हळू चालण्याचे खरे कारण पाल या आपल्याकडच्या टीव्ही चित्रपद्धतीत आहे. जपान-अमेरिकेतील एनटीएससी या दुसऱ्या चित्रपद्धतीचे यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रचौकटी काढते, आपल्याकडचे पाल यंत्र ५०. आणि बहुतेक जुन्या खेळांचे गणित चौकटीगणिक पुढे सरकत असल्याने, वेगात वेगळा बदल केलेला नसेल तर ३,६०० चौकटींचा टप्पा तिकडे ६० सेकंदांत, इकडे मात्र ७२ सेकंदांत संपतो. स्पीडरनमध्ये, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यतीत, मागे पडणाऱ्या आपल्या पोरांचा हात कच्चा आहे, असे ठरवण्याआधी हा फरक जरूर तपासावा.

खेळाचे रेकॉर्डिंग करताना कॅप्चर कार्ड (यंत्राचे चित्र संगणकात घेणारे उपकरण) पालवरच ठेवावे. अनेक साधी कार्डे या यंत्रांची दोन पूर्ण चित्रे एकात विणून २५ चौकटींचे रेकॉर्डिंग करतात. त्यावर उपाय म्हणून डीइंटरलेसिंगची, म्हणजे विणलेली चित्रे सुटी करण्याची, ‘बॉब’ पद्धत निवडली, की पन्नासही चौकटी परत मिळतात.