भगवी अक्षरं आणि मुकं बटण

सदाशिव पेठेतल्या एका दुकानाने दिवाळीच्या फराळासाठी वेबसाइट काढली आहे असं समजा. चकलीचा फोटो झकास, त्यावर दाबलं की भाव दिसतो, खाली भगव्या रंगात ‘ऑर्डर करा’. एखादी अंध ग्राहक हे पान उघडते आणि तिच्या हेडफोनमधून आवाज येतो, ‘लिंक, आयएमजी अंडरस्कोर चार शून्य दोन एक’. कॅमेऱ्याने फोटोला दिलेलं ते नाव. चकली आहे की चिवडा, ते कळत नाही आणि ऑर्डरचं बटण तर आवाजात येतच नाही.

अंध व्यक्ती संगणक वापरतात तो स्क्रीन रीडरच्या मदतीने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने. त्यातला एनव्हीडीए मोफत मिळतो. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आहेच.

हे प्रोग्रॅम पानाचं चित्र पाहत नाहीत. पानाच्या कोडवरून ब्राउझर पडद्यावरचं दृश्य उभं करतो आणि त्याच वेळी एक अदृश्य यादीही बनवतो: ही वस्तू काय आहे, तिचं नाव काय, सध्या ती कोणत्या स्थितीत आहे. स्क्रीन रीडर वाचतो ती ही यादी. कोडमध्ये बटण म्हणून लिहिलेलं असेल, तर ‘ऑर्डर करा, बटण’ असं ऐकू येतं आणि कीबोर्डवरची टॅब कळ तिथे थांबते. पण डिझायनरने नुसत्या चौकोनाला रंग दिला आणि क्लिक जोडून दिलं, तर डोळ्यांना ते बटण वाटतं. यादीत मात्र ते बटण नसतंच. हात थरथरतो म्हणून माउस न वापरता येणाऱ्यांचीही गाडी तिथेच अडते. लिंकांचं तसंच. स्क्रीन रीडर वापरणारे बरेचदा फक्त लिंकांची यादी काढून ऐकतात. तिच्यात दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ आलं तर काय उपयोग? पुणेरी पाटीसारखं मोजक्या शब्दांत नेमकं सांगावं: ‘भाजणीची चकली, अर्धा किलो’.

मराठीत याच्यावर आणखी एक घोळ आहे, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी देवनागरी फॉन्टमध्ये एक युक्ती असायची. फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी ‘क’, ‘ख’, काना, वेलांटी यांची चित्रं दाखवायचा. त्या काळात मराठी छपाई संगणकावर आली ती याच युक्तीवर, त्यामुळे तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आजही असे मजकूर पीडीएफ होऊन वेबसाइटवर चढतात. डोळ्यांना ते शुद्ध मराठी असतं, स्क्रीन रीडरला मात्र इंग्रजी अक्षरांचा काला ऐकवावा लागतो. ओळखायची रीत सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. मराठी आली तर ठीक.

युनिकोड असूनही पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं. हिंदीचीही लिपी देवनागरीच, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून कोणता आवाज लावायचा हे प्रोग्रॅमला ठरवता येत नाही. तेवढा छोटासा उल्लेख राहिला की ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे ‘च’ हिंदी आवाज एकाच साच्यात घालतो. गणेशोत्सवात बंद रस्त्यांची माहिती नुसती चित्र म्हणून पाठवली तर तेवढंही ऐकू येत नाही.

आता ती भगवी अक्षरं. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमावलीत (पहिली आवृत्ती १९९९, सध्याची २.२ ही २०२३ची) साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं लागतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१. तिरंग्यासाठी संगणकावर सर्रास वापरली जाणारी केशरी छटा पांढऱ्यावर ठेवली तर हे गुणोत्तर जेमतेम २.१ भरतं. पिवळ्याचं तर विचारूच नका. डोळ्यांना उजेड जाणवतो त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७. केशरीत लालसोबत हिरवाही बराच असतो, म्हणून तो आपल्याला भडक वाटला तरी उजेडाच्या मापात पांढऱ्याच्या जवळ जातो. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना ते वाचता येत नाही, आणि भर दुपारी बसस्टॉपवर उभ्या असलेल्या धडधाकट तरुणालाही नाही.

कायदाही याच बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण होतं केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं: ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीने कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडून दाखवायची कशी?

फराळवाल्यांनी सुरुवात म्हणून माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर वापरून स्वतःच्याच दुकानात ऑर्डर देऊन पाहावी. तपासणीची आयती साधनंही मिळतात, पण फोटोच्या बाबतीत वर्णन आहे की नाही एवढंच ती मुख्यतः पाहतात. वर्णन चुकीचं लिहिलं तरी त्यांचं बहुतेकदा समाधान होतं. म्हणून शेवटची तपासणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी, आणि डिझायनरला देतो तसे त्या कामाचे पैसे द्यावेत. चकलीचा पुडा देऊन भागवू नये.