प्रेशर वॉशिंग व्यवसायातील आयकर वजावटी (कोकण किनारा)

दाबाच्या पाण्याने घरे, अंगणे, वाहने व होड्या धुऊन देण्याचा धंदा स्वतः करणाऱ्यास करपात्र नफा काढताना ढोबळ जमेतून वजा करता येणारे खर्च. कोकणात हे काम बरेचसे हंगामी असते. गणपतीच्या तोंडावर शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या व आवारभिंती धुतल्या जातात, तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ओढून ठेवलेल्या होड्यांचे तळ.

या वजावटींची चौकट आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ३० ते ३८ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली व कलमांचे क्रमांक बदलले. मात्र निवाडे जुन्या क्रमांकांनीच ओळखले जात असल्याने या नोंदीत तेच वापरले आहेत. इंधन, साबण व रसायने, मदतनिसाची मजुरी, फलक, फोन असे किरकोळ खर्च कलम ३७(१) मध्ये बसतात. खर्च संपूर्णतः व केवळ धंद्यासाठी झालेला असावा, तो खाजगी किंवा भांडवली (टिकाऊ मालमत्तेवरचा) नसावा, ही तेथील मुख्य अट आहे. ही अट निदान १८४२ च्या ब्रिटिश कायद्याइतकी जुनी आहे. भारतात १९२२ च्या अधिनियमात मूळ कसोटी नफा कमावण्यासाठी केलेल्या खर्चाची होती. १९३९ च्या दुरुस्तीने ती धंद्याच्या प्रयोजनाची झाली. नवी कसोटी अधिक व्यापक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मलयालम प्लँटेशन्स प्रकरणात (१९६४) मान्य केले.

खरा वाद दुरुस्तीचा आहे. यंत्राची ‘चालू दुरुस्ती’ कलम ३१ खाली त्याच वर्षी पूर्ण वजा होते. नवे यंत्र घेतले तर फक्त घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी थोडी थोडी वजावट, मिळतो. खाऱ्या हवेत पंपाचे व्हॉल्व्ह, सील, नळी आणि गन लवकर निकामी होतात. ते बदलणे दुरुस्तीच आहे, याबद्दल मतभेद नाही. प्रश्न उभा राहतो तो अख्खा पंप बदलल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने न्यू शोरॉक स्पिनिंग प्रकरणात (१९५६) मुख्य न्यायाधीश छागला यांच्या निकालपत्रात कसोटी घालून दिली: खर्च असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी आहे, की नवी मालमत्ता किंवा नवा लाभ मिळवण्यासाठी? सर्वोच्च न्यायालयाने ती बल्लिमल नवल किशोर प्रकरणात (१९९७) स्वीकारली. पुढे सरवणा स्पिनिंग मिल्स प्रकरणात (२००७) गिरणीतील प्रत्येक यंत्र स्वतंत्र मालमत्ता ठरले आणि संपूर्ण यंत्र बदलणे ही चालू दुरुस्ती नव्हे, असा निर्णय झाला. त्याआधीच, १ एप्रिल २००४ पासून, भांडवली स्वरूपाचा खर्च चालू दुरुस्तीत येत नाही, असे स्पष्टीकरण कलमात घातले गेले होते.

सरवणा निकाल काटेकोर लावणारे इंजिन आणि पंप ही दोन यंत्रे मानतात. पट्ट्याने इंजिनाला जोडलेला एचटीपी पंप (दाबाने पाणी फेकणारा पंप) बाजारात सुटाही मिळतो, हा त्यांचा आधार. उलट पंपाविना इंजिन काही धूत नाही व इंजिनाविना पंपही नाही. म्हणून पंप हा एकाच धुलाई यंत्राचा भाग धरणे अधिक सयुक्तिक दिसते. जास्त दाबाचा, मोठा पंप बसवला असेल तर मात्र हा युक्तिवाद टिकणे कठीण.

घसारा घटत्या मूल्यावर सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के असतो. किनाऱ्यावर यंत्र किती लवकर गंजते, याची दर ठरवताना दखल घेतलेली नाही. खरेदीच्या वर्षी यंत्राचा वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर निम्माच घसारा मिळतो. ६०,००० रुपयांचे यंत्र गणपतीआधी घेऊन कामाला लावले तर पहिल्या वर्षी ९,००० रुपये, दिवाळीत घेतले तर सहसा ४,५०० रुपये. कारण १८० दिवसांची रेषा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पडते. गंजलेले एकुलते यंत्र भंगारात विकून गट (घसाऱ्याचा दर एकच असलेल्या मालमत्तांचा संच) रिकामा झाल्यास उरलेले मूल्य अल्पमुदतीचा भांडवली तोटा ठरते आणि धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही. 

तोच एचटीपी पंप आंब्याच्या कलमांवर फवारणीलाही जातो. बागेचे उत्पन्न शेतीचे, म्हणून करमुक्त. त्यामुळे कलम ३८(२) नुसार पंपाचा घसारा धंद्यातील वापराच्या प्रमाणातच मिळतो. इंधनाची विभागणीही तशीच करावी लागते.

हिशेब न ठेवणाऱ्यासाठी कलम ४४एडी आहे. उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसल्यास ३ कोटी) असल्यास रोख जमेच्या किमान ८ टक्के व बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरता येतो. १० लाखांची जमा निम्मी रोख व निम्मी यूपीआयने आली, तर नफा ७०,००० रुपये. मग वेगळी वजावट मागता येत नाही. घसाराही मिळाला असे समजून यंत्राचे मूल्य कागदोपत्री घटत राहते. शिवाय नव्या करप्रणालीत २०२५–२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही. एका यंत्रावर चालणाऱ्या धंद्यात त्यामुळे वजावटींचे महत्त्व कमी झाले आहे. कर्ज मागताना तर फार कमी दाखवलेला नफा अडचणीचाच ठरतो.

हिशेब ठेवणाऱ्यास एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर दिलेली रोख रक्कम कलम ४०ए(३) मुळे वजा करता येत नाही. दंडाची रक्कमही नाही. महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, वजा होतो. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असून जीएसटी नोंदणी घेतलेली नसेल, तर यंत्रावर भरलेला जीएसटी त्याच्या किमतीत धरून घसारा काढतात.