फिट्सचा नियम

हात, बोट किंवा पडद्यावरचा बाण एका जागेवरून हलवून दुसऱ्या ठरावीक जागी नेमका टेकवायला किती वेळ लागेल, हे अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांवरून सांगणारा नियम. लक्ष्य दूर असेल किंवा अरुंद असेल तर वेळ जास्त लागतो, एवढे कुणीही सांगेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स (१९१२–१९६५) यांनी १९५४ मध्ये या दोन गोष्टींचा मेळ गणितात बसवला. आज मोबाइलपासून विमानाच्या कॉकपिटपर्यंत कुठले बटण कुठे आणि केवढे ठेवायचे, याचा हिशेब या नियमाशिवाय होत नाही.

प्रयोग अगदी साधा होता. ओहायो स्टेट विद्यापीठात टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि हातात धातूची लेखणी दिली. डावी पट्टी, उजवी पट्टी, पुन्हा डावी, असे शक्य तितक्या झपाट्याने पण नेम न चुकवता टेकवत राहायचे. नेम चुकला तर तो बाजूच्या वेगळ्या पट्टीवर नोंदला जाई. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून २ इंचांपर्यंत आणि त्यांमधले अंतर २ पासून १६ इंचांपर्यंत बदलत नेले. सर्वांत सोप्या मांडणीत एका हालचालीला सरासरी १८० मिलिसेकंद लागले, सर्वांत अवघड मांडणीत ७३१. अंतर दुप्पट केले आणि पट्टीही दुप्पट रुंद केली, तर वेळ जवळपास तेवढाच राहतो, हे त्यातून दिसले. म्हणजे नुसते अंतर किंवा नुसती रुंदी नव्हे, त्यांचे गुणोत्तर महत्त्वाचे.

अंतराच्या दुपटीला रुंदीने भागायचे आणि २ या पायावर लघुगणक घ्यायचा (म्हणजे २ चा कितवा घात ती संख्या देतो ते पाहायचे), की हालचालीचा काठिण्यांक मिळतो. २ इंच अंतर आणि २ इंच रुंदी असेल तर तो १. १६ इंच अंतर आणि पाव इंच रुंदी असेल तर ७. लागणारा वेळ या अंकाबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. फिट्स यांनी काठिण्यांक मोजला बिटमध्ये, म्हणजे माहिती मोजण्याच्या एककात. माहिती गणिताने कशी मोजायची हे सांगणारा अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा माहितीचा सिद्धांत १९४८ मध्ये आला होता. संदेश वाहून नेणाऱ्या तारेला जशी क्षमतेची मर्यादा असते, तशी माणसाच्या हातालाही असते, या कल्पनेवर फिट्स यांनी हा नियम उभा केला. आता सूत्राचे जे रूप सर्रास वापरतात ते कॅनडातील संशोधक स्कॉट मॅकेन्झी यांनी शॅनन यांच्या मूळ समीकरणाच्या अधिक जवळ आणलेले आहे.

या कामामागे दुसऱ्या महायुद्धातला अनुभव होता. अमेरिकी हवाई दलासाठी फिट्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुकांचा अभ्यास १९४७ मध्ये मांडला. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास चुका एकाऐवजी दुसराच दांडा ओढल्याच्या होत्या. चाकांचा दांडा आणि पंखांच्या झडपांचा दांडा यांची गफलत त्यांत वारंवार दिसते. एरवी ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून फाइल बंद झाली असती. फिट्स यांनी बोट ठेवले ते यंत्राच्या रचनेवर. माणसाची मोठी कदर या दृष्टीत आहे, आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच आहे.

संगणकात हा नियम आला तो माउसमुळे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांनी १९७८ मध्ये माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना केली. माउस सरस ठरला. शिवाय त्याचा वेग हाताच्या स्वतःच्या मर्यादेच्या आसपास पोचतो, असे आकड्यांनी दाखवले. पुढच्या, अधिक काटेकोर मोजमापांत माउसच्या वेगाचे आकडे बरेच खाली आले, पण माउस सरस हा निष्कर्ष बदलला नाही.

पडद्याच्या कडेचा फायदाही याच नियमातून कळतो. मॅकिंटॉशमध्ये मेन्यूची पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला चिकटलेली असते. बाण कितीही जोरात वर ढकलला तरी कडेला येऊन थांबतो, त्यामुळे वरच्या दिशेने पट्टीची जाडी जणू अमर्याद होते. तीच पट्टी कडेपासून थोडी खाली आणली की नेम धरावा लागतो. उलट उपयोगही होतो. खाते कायमचे मिटवण्याचे बटण लांब ठेवणे शहाणपणाचे आहे. जाहिरात बंद करण्याची फुली मुद्दाम बारीक ठेवणे ही मात्र लबाडी आहे. तिचा त्रास सगळ्यांत जास्त होतो तो हात थरथरणाऱ्या वृद्धांना. वेबच्या सुलभतेच्या निकषांत २०२३ पासून किमान २४ पिक्सेल लांबी-रुंदीच्या लक्ष्याची अट आहे, ती म्हणूनच महत्त्वाची.

टचस्क्रीनवर मूळ सूत्र थोडे अपुरे पडते. बोटाचे टोक बाणाइतके टोकदार नसते, आणि खालचे बटण ते स्वतःच झाकते. कितीही सावकाश टेकवले तरी स्पर्शाचा बिंदू थोडा इकडेतिकडे होतोच. शियाओजुन बी, यांग ली आणि शुमिन झाई यांनी २०१३ मध्ये हा बोटाचा अंगभूत विस्कळीतपणा वेगळा काढून बारीक लक्ष्यांसाठी सूत्र सुधारले. मोबाइलच्या कळफलकासाठी ही सुधारणा फार कामाची आहे.

देवनागरीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. रोमनची २६ अक्षरे मावतात तेवढ्याच पडद्यावर स्वर, तीसहून अधिक व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे बसवायची असतात. सगळ्यांना कळ दिली तर कळा बारीक होतात, अर्ध्या लपवल्या तर दर अक्षराला पान उलटावे लागते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक यावर चांगला तोडगा काढतो. ‘क’वर बोट टेकवले की त्याभोवती चक्र उघडते आणि त्यात ‘का’, ‘कि’, ‘की’, ‘कु’ हे पर्याय येतात. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवून सोडायचे. फिट्सच्या हिशेबाने ही मांडणी चोख आहे, कारण सगळे पर्याय बोटापासून सारख्याच जवळच्या अंतरावर असतात आणि प्रत्येक पाकळी बाहेरच्या बाजूला रुंदावत जाते. चक्राकार मेन्यू सरळ यादीपेक्षा जलद असतो, हे मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८८ मध्येच दाखवले होते.

तरीही नवख्या माणसाच्या टंकलेखनाचा वेग या सूत्रातून निघत नाही. नियम हात निघाल्यापासून टेकेपर्यंतचाच वेळ मोजतो. ‘ठ’ कुठे आहे हे शोधण्यात गेलेला वेळ त्यात येत नाही, आणि सुरुवातीला वेळ जातो तो तिथेच. स्वरचक्रात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने, वर्गवार लावली आहेत. पाढ्यासारखी क-ख-ग-घ पाठ असलेल्या माणसाला ‘ठ’ हा ‘ट’च्या शेजारी सापडतो.